गिरगावची अभ्यासिका, तेरावे चॅनेल आणि बीकनमधला परका देश

गिरगावातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर वृत्तपत्रांचा वाचनकक्ष आहे आणि दुसऱ्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका आहे. दोन्ही मजल्यांवर एकाच नावाचे, एकाच पासवर्डचे वाय-फाय चालते. अभ्यासिकेच्या तक्रारवहीत काही महिने एकच तक्रार निरनिराळ्या हस्ताक्षरांत येत राहिली: नेटवर्क दिसते, पण नेट पुढे सरकत नाही. कार्यवाहांनी वरचा राउटर बदलून पाहिला, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन वायर तपासून गेला, आणि तक्रारी तशाच राहिल्या. दोष वरच्या मजल्यावर नव्हताच. तो खालच्या मजल्यावरील एका संगणकाच्या मांडणीत होता आणि त्या मांडणीतल्या दोन अक्षरांपुरता होता. या प्रकरणात रेडिओच्या देशनिहाय नियमांचे पालन वायरलेस ड्रायव्हर (वाय-फाय कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) प्रत्यक्षात कसे करतो हे फार स्पष्ट दिसते, म्हणून ते येथे सविस्तर नोंदवले आहे.

मांडणी अशी होती. अभ्यासिकेत एक साधा घरगुती राउटर होता. तो फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालत असे आणि त्याचे चॅनेल मुद्दाम १३ ठेवलेले होते. आजूबाजूच्या चाळींमधून आणि दुकानांमधून १, ६ आणि ११ या चॅनेलांवर इतकी गर्दी आहे की तेरावे चॅनेल निवडणाऱ्याचे कौतुकच करायला हवे. भारतात ते नियमाला धरूनही आहे. केंद्र सरकारच्या २००५ च्या नियमांनी २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला, आणि २० मेगाहर्ट्‌झ रुंदीचे तेरावे चॅनेल २४६२ ते २४८२ या मर्यादेत बसते. वाचनकक्षात मात्र राउटर नव्हता. तेथे लिनक्स चालवणारा एक जुना डेस्कटॉप होस्टएपीडी या प्रोग्रॅमच्या साहाय्याने ५ गिगाहर्ट्‌झच्या १४९ क्रमांकाच्या चॅनेलवर ॲक्सेस पॉइंटचे, म्हणजे वाय-फाय पुरवणाऱ्या यंत्राचे, काम करत होता. ही व्यवस्था वाचनालयाच्या एका तरुण स्वयंसेवकाने हौसेने उभी केली होती, आणि एरवी ती उत्तम चालत होती. वाचनालयाला देणगी म्हणून मिळालेल्या जुन्या लॅपटॉपांवरही लिनक्सच होते. त्यांतील वाय-फाय कार्डे ॲथेरॉस या कंपनीची होती. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपांत बहुतेक इंटेलची कार्डे होती.

तक्रारवहीचा उपयोग येथे झाला. ग्रंथपाल बाईंना प्रत्येक नोंदीपुढे वेळ आणि लॅपटॉपचा क्रमांक लिहून घेण्याची सवय आहे. त्या नोंदी एकत्र पाहिल्यावर दोन गोष्टी ठळक झाल्या. तक्रारी जवळजवळ सगळ्या वाचनालयाच्याच लॅपटॉपांबद्दल होत्या. शिवाय सकाळी थेट वर जाणाऱ्यांना अडचण येत नव्हती. आधी खाली वर्तमानपत्रे वाचत बसून मग चालू लॅपटॉप घेऊन वर जाणाऱ्यांनाच ती येत होती. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला की वरचे नेटवर्क लगेच मिळत असे, म्हणूनच तक्रारकर्त्यांपैकी अनेकांनी ‘आपोआप ठीक झाले’ अशी पुरवणी जोडली होती. राउटर बिघडला असता तर तो माणूस कोणत्या जिन्याने आणि कधी आला हे पाहून बिघडला नसता.

देश कोण ठरवते

येथे थोडे मागे जावे लागेल. वाय-फाय कार्ड कोणत्या चॅनेलवर, किती शक्तीने आणि कोणत्या अटींवर प्रक्षेपण करू शकते हे देशागणिक बदलते. एके काळी प्रत्येक ड्रायव्हर या नियमांचे स्वतःचे तक्ते बाळगत असे, आणि काही उत्पादक तर नियमभंगाच्या भीतीपोटी ड्रायव्हरचा काही भाग बंद स्वरूपातच देत. २००८ मध्ये आलेल्या २.६.२८ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा) लिनक्सने हे काम एका जागी आणले. सीएफजी८०२११ हा कर्नलमधील थर नियमांची अंमलबजावणी करतो, आणि देशनिहाय नियम वायरलेस-रेगडीबी नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये राहतात. पूर्वी हा डेटाबेस वाचण्यासाठी सीआरडीए नावाचा एक मदतनीस प्रोग्रॅम लागत असे. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ या कर्नलपासून कर्नल स्वतःच ती फाइल वाचतो आणि तिच्यावरील डिजिटल सही तपासतो.

लोकांचा गैरसमज असा की कंट्री कोड, म्हणजे देशाचा संकेत, ही एखाद्या घड्याळाच्या वेळेसारखी बसवण्याची गोष्ट आहे. वास्तविक कर्नलला देशाविषयी चार ठिकाणांहून सूचना मिळू शकते: कर्नलच्या स्वतःच्या मूळ गृहीतकातून, वापरकर्त्याकडून, ड्रायव्हरकडून आणि आजूबाजूच्या ॲक्सेस पॉइंटच्या बीकनमधून, म्हणजे तो आपली ओळख सांगत सतत पाठवत असलेल्या छोट्या संदेशातून. मूळ गृहीतकाला ‘००’ असा संकेत आहे. तो कोणत्याही एका देशाचा नसून जगात बहुतेक ठिकाणी चालेल अशा किमान परवानगीचा आहे. त्यात १ ते ११ ही चॅनेले मोकळी असतात, तर १२, १३ आणि ५ गिगाहर्ट्‌झचा सगळा पट्टा ‘नो-आयआर’ या अटीखाली असतो, म्हणजे कार्डाने तेथे फक्त ऐकायचे, स्वतः होऊन पहिला संदेश पाठवायचा नाही. आधीच कोणी तेथे बीकन पाठवत असल्याचे ऐकू आले आणि ते चॅनेल रडारसाठी राखून ठेवलेले नसेल, तर कर्नल ही अट शिथिल करतो. दुसऱ्याने तेथे प्रक्षेपण सुरू केले आहे, त्याअर्थी या देशात त्याला मुभा असावी, असा त्यामागचा तर्क आहे.

चौथी सूचना, म्हणजे बीकनमधली, या प्रकरणाच्या मुळाशी आहे. २००१ च्या ८०२.११डी या मानकापासून ॲक्सेस पॉइंट आपल्या बीकनमध्ये देशाची दोन अक्षरे आणि त्या पट्ट्यातील चॅनेलांची यादी जाहीर करू शकतो. लॅपटॉप त्या ॲक्सेस पॉइंटला जोडला गेला की लिनक्स ही माहिती वाचतो. आजचा कर्नल त्यातील चॅनेलांच्या यादीकडे पाहत नाही. तो दोन अक्षरे उचलतो, स्वतःच्या डेटाबेसमध्ये त्या देशाचे पान उघडतो आणि ते संपूर्ण पान, सर्व पट्ट्यांसकट, आपल्या कार्डाला लागू करतो. म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झवरील ॲक्सेस पॉइंटने जाहीर केलेल्या देशामुळे त्याच लॅपटॉपचा २.४ गिगाहर्ट्‌झचा भागही बदलतो. जोडणी तुटली की कर्नल पुन्हा पूर्वस्थितीला येतो.

खालच्या डेस्कटॉपच्या होस्टएपीडी मांडणीत देशाच्या जागी ‘आयएन’ ऐवजी ‘यूएस’ लिहिलेले होते.

डेटाबेसमधील अमेरिकेच्या पानावर २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २४७२ मेगाहर्ट्‌झला संपतो. त्यामुळे बारावे आणि तेरावे चॅनेल त्या पानावर बसतच नाही. वाचनकक्षात १४९ वर जोडला गेलेला प्रत्येक ॲथेरॉस लॅपटॉप त्या क्षणापासून स्वतःला अमेरिकेत समजू लागे, आणि त्याच्या दृष्टीने तेरावे चॅनेल ‘अक्षम’ होई. मग विद्यार्थी जिना चढून वर येई. आधुनिक काँक्रीटच्या इमारतीत ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल स्लॅबखालीच दम तोडतो आणि जोडणी तुटून प्रश्न सुटला असता. या इमारतीत मात्र मजले सागवानी तुळयांवर टाकलेल्या फळ्यांचे आहेत. सिग्नल क्षीण होई, पण तुटत नसे. लॅपटॉप पार्श्वभूमीला दुसरा ॲक्सेस पॉइंट शोधत असे, तथापि ज्या चॅनेलवर वरचा राउटर होता ते चॅनेल तपासण्याची त्याला मुभाच नव्हती. परिणामी डोक्यावर चार हातांवर राउटर असताना तो खालच्या मजल्यावरील मरतुकड्या सिग्नलला चिकटून राही. लॅपटॉप बंद करून सुरू केला की जोडणी तुटे, देश पुन्हा ‘००’ होई, तेराव्या चॅनेलवरचा बीकन ऐकू येई, आणि सगळे ‘आपोआप ठीक’ होई.

पडताळणी सोपी होती. वाचनालयाचा एक लॅपटॉप खाली जोडून त्यावर आयडब्ल्यू या साधनाने चालू नियम पाहिले तेव्हा देश अमेरिका दिसला आणि चॅनेलांच्या यादीत १२ व १३ अक्षम होती. तोच लॅपटॉप वर नेऊन हाताने जोडणी तोडताच देश ‘००’ झाला आणि तेरावे चॅनेल ‘नो-आयआर’ अटीसह परत आले. वरच्या राउटरला जोडल्यावर देश भारत झाला, कारण तो राउटर आपल्या बीकनमध्ये भारतच जाहीर करत होता. एका इमारतीत, एका मजल्याच्या अंतराने, एकच लॅपटॉप देश बदलत होता.

इंटेलच्या कार्डांना हा त्रास का झाला नाही, याचेही उत्तर यातच आहे. इंटेलची अलीकडची कार्डे स्वव्यवस्थापित प्रकारात मोडतात. त्यांचे फर्मवेअर, म्हणजे कार्डातच चालणारा प्रोग्रॅम, स्थानाचा अंदाज घेऊन स्वतः देश ठरवते आणि कर्नलला फक्त निकाल कळवते. कर्नलचा जागतिक संकेत काहीही असो, त्या कार्डाचे नियम वेगळे दाखवले जातात. हे फर्मवेअर आसपासच्या बीकनांचा विचार करते, आणि गिरगावात आसपास भारत जाहीर करणारे राउटर भरपूर असल्याने त्याच्यावर एका चुकीच्या बीकनचा प्रभाव पडलेला दिसला नाही.

‘यूएस’ आले कोठून

स्वयंसेवकाने अमेरिका लिहिली ती शक्ती वाढवण्याच्या लोभाने नव्हे, आणि याची नोंद करणे त्याच्या बाजूने आवश्यक आहे. त्याने सुरुवात डेस्कटॉपमधील मूळ इंटेल कार्डापासून केली होती. ते कार्ड ५ गिगाहर्ट्‌झवर ॲक्सेस पॉइंट होण्यास तयार होईना. त्याने आयडब्ल्यूने देश भारत केला. जागतिक ओळीत भारत दिसू लागला, पण कार्डाच्या ओळीत ‘००’ कायम राहिले आणि ५ गिगाहर्ट्‌झवर सर्वत्र ‘नो-आयआर’ राहिले. जे कार्ड स्वतः होऊन बोलू शकत नाही ते ॲक्सेस पॉइंट होऊ शकत नाही, कारण ॲक्सेस पॉइंटचे काम पहिला बीकन पाठवण्यापासूनच सुरू होते. अनेकांना येथे ड्रायव्हर बिघडलेला वाटतो. ड्रायव्हर आपल्या फर्मवेअरने सांगितलेले पाळत असतो, आणि वापरकर्त्याची आज्ञा त्या कार्डापर्यंत पोचतच नाही.

म्हणून त्याने लॅमिंग्टन रोडवरून ॲथेरॉसचे एक जुने कार्ड आणले. ते बसवल्यावर कर्नलच्या नोंदीत आले की कार्डाच्या ईईपीरॉममधील (कार्डावरील कायमस्वरूपी स्मृतीतील) देशाचा आकडा शून्य आहे, शून्याचा अर्थ मूळ देश गृहीत धरावा असा आहे, आणि वापरलेला देश ‘यूएस’ आहे. ॲथेरॉसच्या ड्रायव्हरमध्ये हा नियम पूर्वापार आहे: उत्पादकाने ईईपीरॉममध्ये काही लिहिले नसेल तर अमेरिका. कार्डच अमेरिकेचे आहे असे समजून त्याने होस्टएपीडीतही तेच लिहिले. ॲक्सेस पॉइंट लगेच सुरू झाला, आणि जे सुरू झाले त्याला हात लावायचा नाही या न्यायाने पुढे कोणी हात लावला नाही.

त्या नोंदीचा अर्थ मात्र वेगळा होता. ईईपीरॉममधील संकेत सांगतो की या कार्डाची चाचणी आणि शक्तीची मोजणी कोणत्या नियमांखाली झाली. कार्ड कोठे ठेवले आहे हे तो सांगत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि ड्रायव्हर दोन्हींचा मान राखतो: कार्डाला अमेरिकेत जे मान्य आहे आणि ज्या देशात ते आहे तेथे जे मान्य आहे, त्यांतील सामाईक भागच उरतो. या सगळ्या व्यवस्थेचे तत्त्व असे की वापरकर्त्याची सूचना परवानगी आकुंचित करू शकते, उत्पादकाने घातलेली मर्यादा ओलांडू शकत नाही. भारत लिहिल्याने या कार्डावर तेरावे चॅनेल उघडले नसते. पण १४९ वे चॅनेल, ज्याचा मध्य ५७४५ मेगाहर्ट्‌झवर आहे, दोन्ही देशांच्या नियमांत बसते. होस्टएपीडीत भारत लिहूनही तो ॲक्सेस पॉइंट पहिल्या दिवसापासून तितकाच चालला असता.

सुचवलेले आणि नाकारलेले उपाय

वाचनालयाच्या समितीत दोन उपाय आधीच चर्चेला आले होते. पहिला, वरचा राउटर ११ वर आणणे. त्याने लक्षण नाहीसे झाले असते, परंतु वाचनकक्षातून अमेरिकेचा बीकन जात राहिला असता, आणि तो बीकन भिंतीपलीकडच्या घरांतील उपकरणांनाही ऐकू जातो. ॲक्सेस पॉइंटने खोटा देश जाहीर करणे ही त्याच्या मालकापुरती खासगी बाब राहत नाही, हे या प्रकरणातले सर्वात दुर्लक्षित अंग वाटते.

दुसरा उपाय एका परिचिताने सुचवला होता: ड्रायव्हरमध्ये बदल करून ईईपीरॉमचा संकेतच डावलायचा. राउटरांसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीमध्ये ॲथेरॉसच्या ड्रायव्हरने वापरकर्त्याने दिलेलाच देश मानावा असा पर्याय खरोखरच आहे. मात्र ज्या मर्यादेत कार्डाची चाचणी झाली ती डावलल्यावर पट्ट्याच्या कडेला ते किती स्वच्छ प्रक्षेपण करते याची हमी कोणी देत नाही. नियामक संस्था हा विषय गांभीर्याने घेतात. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने राउटर बनवणाऱ्या टीपी-लिंकशी दोन लाख डॉलरच्या दंडावर समझोता केला, तो याच कारणासाठी: त्या कंपनीच्या काही राउटरांत वापरकर्त्याला कंट्री कोड बदलून मान्य मर्यादेपेक्षा जास्त शक्ती वापरता येत होती. त्याच समझोत्यात कंपनीने त्रयस्थ फर्मवेअरला मुभा देण्याचेही मान्य केले, हे मुक्त सॉफ्टवेअरच्या चाहत्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. येथे तर तेराव्या चॅनेलची गरज या कार्डाला नव्हतीच, त्यामुळे हा उपाय मोहापलीकडे काही नव्हता.

कार्यवाहांनी तिसरा प्रश्न विचारला तो रास्त होता. ५ गिगाहर्ट्‌झच्या मधल्या पट्ट्यात, १०० च्या पुढच्या चॅनेलांवर, गर्दी जवळजवळ नसते. खालचा ॲक्सेस पॉइंट तेथे का नेऊ नये? ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने भारतात ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्‌झ असा एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा घरात आणि घराबाहेर परवानामुक्त केला, तेव्हा कायद्याची आडकाठी नाही. अडचण रडारची आहे. हवामान रडारे या पट्ट्याच्या काही भागात काम करतात, आणि मुंबईत ही दूरची गोष्ट नाही. हवामान विभागाचे कुलाब्याचे डॉप्लर रडार एस-बँड या वेगळ्या पट्ट्यातले आहे, पण २०२२ पासून अंधेरीजवळच्या वेरावलीचे रडार सी-बँडमधले आहे, आणि ५ गिगाहर्ट्‌झचे वाय-फाय सी-बँडमध्येच येते. म्हणून या चॅनेलांवर ॲक्सेस पॉइंटने बीकन पाठवण्यापूर्वी किमान ६० सेकंद रडारचा कानोसा घ्यायचा असतो, आणि पुढे कधीही रडार आढळल्यास चॅनेल सोडून अर्धा तास तिकडे फिरकायचे नसते. ही तपासणी ॲक्सेस पॉइंटचा ड्रायव्हर करतो. ॲथेरॉसच्या ड्रायव्हरमध्ये ती आहे, परंतु कर्नल बांधताना प्रमाणनाची जबाबदारी आपली असे मान्य करणारा पर्याय निवडल्याशिवाय ती चालू होत नाही, आणि बहुतेक लिनक्स वितरणे तो निवडत नाहीत. स्वयंसेवकाने पूर्वी १०० वे चॅनेल करून पाहिले होते आणि होस्टएपीडीने नकार दिला होता. तो नकार बरोबर होता.

प्रत्यक्ष दुरुस्ती

होस्टएपीडीच्या मांडणीत ‘यूएस’ जाऊन ‘आयएन’ आले, आणि देश बीकनमधून जाहीर करण्याचा पर्याय चालूच ठेवला. डेस्कटॉप सुरू होतानाच देश भारत करण्याची सोयही केली. त्यानंतर आयडब्ल्यूच्या अहवालात जागतिक ओळीत भारत आणि कार्डाच्या ओळीत अमेरिका असे दोन देश दिसतात. ही विसंगती नसून अपेक्षित स्थिती आहे, हे मांडणीच्या फाइलमध्येच मराठीत टीप म्हणून लिहून ठेवले, कारण पुढचा स्वयंसेवक ती पाहून पुन्हा ‘दुरुस्त’ करण्याची शक्यता मोठी होती. वरचा राउटर तेराव्या चॅनेलवरच ठेवला.

देणगीच्या लॅपटॉपांत आणखी एक गोष्ट आढळली. त्यांतील काहींवर फार जुने लिनक्स होते आणि त्याबरोबरचा नियमांचा डेटाबेसही तितकाच जुना होता. त्यात भारताच्या पानावर ५४७० ते ५७२५ हा पट्टा नव्हता, कारण तो २०१८ पूर्वी खुला झालेलाच नव्हता. आज वाचनालयात त्या पट्ट्यातले काही चालत नसल्याने तक्रार आली नव्हती. उद्या तयार राउटर घेतला आणि त्याने स्वतः होऊन १०० वे चॅनेल निवडले, तर देश भारत धरलेला असताना हे लॅपटॉप त्याला शोधूच शकणार नाहीत. वायरलेस-रेगडीबीचे पॅकेज अद्ययावत करण्यास काही मिनिटे लागतात, म्हणून ते त्याच फेरीत केले. ज्या एका लॅपटॉपचा कर्नल ४.१५ च्या आधीचा होता त्यावर सीआरडीए आणि डेटाबेसचे जुन्या स्वरूपातले पॅकेज लागते, म्हणून त्याची संपूर्ण प्रणालीच नव्याने बसवली.

बदलानंतर खाली जोडलेला लॅपटॉप चालू स्थितीत वर नेला असता तो जिन्याच्या वरच्या टोकाशी तेराव्या चॅनेलवर सरकला. तक्रारवहीत त्यानंतर वाय-फायची एकच नोंद आली. ती एका विद्यार्थिनीच्या परदेशातून आणलेल्या लॅपटॉपबद्दल होती, ज्याच्या कार्डाला उत्पादकाने ११ पर्यंतचीच चॅनेले दिलेली आहेत. या कार्डावर वाचनालयाच्या बाजूने करण्यासारखे काही नव्हते. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या पुढे येणाऱ्यांसाठी अभ्यासिकेत १४९ वर चालणारा दुसरा ॲक्सेस पॉइंट लावण्याचे समितीने ठरवले. खरेदी करताना भारतातील डब्ल्यूपीसी या केंद्राच्या रेडिओ परवाना विभागाची उपकरण प्रकार मान्यता असलेला आणि मूळ देश भारत असलेलाच संच घ्यावा अशी अट ठरावात घातली आहे.